नदी आली? पूल उतरवा!

सराटी हे इंदापूर तालुक्याचं शेवटचं टोक. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करत इथे येते. सकाळी पादुकांना नीरेचं स्नान घडतं आणि पूल ओलांडून सोहळा अकलूजच्या दिशेनं सोलापूर जिल्ह्यात शिरतो. एवढे वारकरी त्या पुलावरून जातात, पण पुलाकडे कोण बघतं? पूल असतोच, हे आपण धरून चालतो.

आता तो पूल डोळ्यांपुढून काढून टाका. नीरा दोन्ही काठ भरून वाहतेय, बंधारे पाण्याखाली गेलेत आणि तुम्हाला पलीकडे जायचंय. एकट्याला नव्हे, तुमच्या मागे रणगाड्यांची रांग उभी आहे आणि एकेक रणगाडा ४६ टनांचा आहे. पलीकडच्या काठावर तुमचं स्वागत करायला कुणी उभं असेल तर ते बंदुका घेऊन. वेळ किती? अंधार आहे तेवढाच. उजाडायच्या आत सगळे पार झाले पाहिजेत.

पूल बांधायला आपल्याकडे किती वर्षं लागतात हे बारामती-इंदापूरच्या माणसाला सांगायला नको. भूमिपूजन, निविदा, सुधारित निविदा, खांब, मग पावसाळा, मग पुन्हा खांब. असा पूल काही तासांत उभा करायचा म्हणजे जादूच हवी. ती जादू खरोखर आहे, ती ट्रकच्या पाठीवरून फिरते आणि तिचा जन्म आपल्याच जिल्ह्यात झालाय. पुण्याजवळ दिघीला, माउलींची पालखी ज्या आळंदी रस्त्यानं पुण्याकडे येते त्याच परिसरात, डीआरडीओची 'आर अँड डी ई – इंजिनिअर्स' नावाची प्रयोगशाळा आहे. लष्करी पूल हा तिचा खास प्रांत. ट्रकवरच्या तिच्या एका पुलाचं नाव 'सर्वत्र'. भारतीय सेनेच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सचं ब्रीदवाक्यही हेच.

या पुलाची करामत बघण्याआधी नद्यांनी लढाया कशा फिरवल्या ते बघू. त्यासाठी रोम-ग्रीसपर्यंत जायची गरज नाही, आपल्याच जखमा पुरेशा आहेत. १७५९ मध्ये दत्ताजी शिंदे गंगेकाठी शुक्रतालला अडकून पडले. कशासाठी? पुलासाठी. गंगेवर नावांचा पूल बांधून देतो, मग तुम्ही खुशाल पूर्वेकडे जा, असं नजीबखानानं गोड बोलून सांगितलं आणि झुलवत ठेवलं. पूल झाला, पण तो नजीबाच्याच उपयोगी पडला. त्याची रसद आणि कुमक त्यावरून येत राहिली. पुढे जानेवारी १७६० मध्ये दत्ताजी पडले तेही नदीच्या उतारावरच, यमुनेच्या बुराडी घाटावर.

त्याच वर्षी सदाशिवराव भाऊ उत्तरेत पोचले ते यमुना फुगलेली असताना. इटाव्याकडे नावा जमवा, पूल करा, अशी पत्रं ते गोविंदपंत बुंदेल्यांना धाडत होते. पावसानं दाद दिली नाही. नदी मध्येच राहिली, भाऊ एका काठावर आणि अब्दाली दुसऱ्या. आणि ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीनं काय केलं? बागपतजवळ पाणी उतरायच्या आतच सैन्य नदीत घातलं. काही माणसं वाहून गेली, पण फौज पार झाली आणि मराठ्यांच्या दिल्लीकडच्या वाटेवर येऊन बसली. पानिपतावर शेकडो पुस्तकं निघाली, तोफा, रसद, बुणगे, मत्सर यांवर शाईचे पाट वाहिले. मला मात्र राहून राहून वाटतं, त्या पावसाळ्यात भाऊंच्या हाताशी एक चांगला पूल असता तर?

नदी एक वेळ उतरते तरी. माणसानं मुद्दाम खणलेला अडथळा उतरत नाही. बारामतीकरांना कालवा म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. इंग्रजी अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या नीरा डाव्या कालव्यानं या भागाचं नशीब बदललं, आणि मे २०२५ मध्ये अवेळी कोसळलेल्या पावसात तोच कालवा बारामतीजवळ फुटला तेव्हा पाण्यानं काय केलं तेही सगळ्यांनी पाहिलं. आता कालव्याकडे सैनिकाच्या नजरेनं पाहा. उभे काठ, खोल पाणी, वर भरावाचा उंच बांध, आणि त्या बांधाआड लपलेला शत्रू. पाकिस्ताननं लाहोरच्या रक्षणासाठी असाच इछोगिल कालवा बांधला. रुंदी सुमारे चाळीस मीटर. १९६५ च्या युद्धात आपली फौज त्याच्या काठाला भिडली आणि पाकिस्तानी सैन्यानं त्यावरचे पूल उडवून दिले. पंजाबच्या सपाट मैदानात दोन्ही बाजूंनी असे खंदक, बांध आणि कालवे आहेत. रणगाडा भिंत फोडतो, शेत तुडवतो, पण पंधरा मीटरचा उभ्या काठाचा चर लागला की तो मुकाट उभा राहतो. ४६ टनांचं धूड आणि आडवं काय, तर एक चर!

म्हणून पूलच बरोबर घेऊन जायचा.

'सर्वत्र' ची पाच वाहनं असतात. प्रत्येक वाहन म्हणजे आठ चाकांचा टाट्रा ट्रक, आठही चाकांना इंजिनची ताकद मिळणारा. प्रत्येकाच्या पाठीवर पुलाचा १५ मीटरचा एक तुकडा. पाच पंधरे पंचाहत्तर, म्हणजे ७५ मीटरचा पूल पाच ट्रकवर बसून रस्त्यानं निघालाय.

पण थांबा. पंधरा मीटर म्हणजे जवळजवळ पन्नास फूट. एवढी लांब वस्तू घेऊन ट्रक वळणार कसा, झाडाखालून जाणार कसा? इथे पहिली गंमत आहे. तुकडा मधोमध बिजागरीवर दुमडलेला असतो, साडेसात मीटरचे दोन भाग एकावर एक, मिटलेल्या अडकित्त्यासारखे. प्रवासात मिटलेला, कामाच्या वेळी उघडणारा.

पहिला ट्रक काठाशी येतो तो पाठमोरा, रिव्हर्समध्ये. शेवटची चाकं काठाजवळ आली की थांबतो आणि दोन्ही बाजूंना हायड्रॉलिक पाय काढून जमिनीवर रोवतो. आता चालकाच्या केबिनकडे लक्ष देऊ नका, मागे बघा. मिटलेला पूल हळूहळू उठू लागतो, आडवा होता तो उभा होतो. मग वरचा भाग खालच्यापासून सुटतो आणि उलगडत उलगडत बाहेर, नदीच्या दिशेनं झुकतो. दोन्ही भाग एका रेषेत येतात, बिजागरी घट्ट बसते आणि पंधरा मीटरचा सलग रस्ता पाण्यावर अधांतरी तरंगत खाली येऊ लागतो.

हा ट्रक उलटत का नाही? खरं तर उलटायला हवा! मिटलेला असताना पुलाचा भार ट्रकच्या अंगावर असतो. उघडला की तोच भार काठाबाहेर जातो. गणित करून बघा, आकडे नुसते समजण्यापुरते घेऊ. समजा, उघडलेला तुकडा ८ टनांचा आहे. त्याचा गुरुत्वमध्य मध्यावर, म्हणजे टेकूपासून साडेसात मीटर बाहेर. ट्रकला मागे उलथवणारा जोर झाला आठ गुणिले साडेसात, साठ. आता उरलेला ट्रक समजा तीस टनांचा आणि त्याचा गुरुत्वमध्य त्याच टेकूपासून चार मीटर आत. त्याला खाली दाबून ठेवणारा जोर झाला एकशेवीस. साठला एकशेवीस भारी, म्हणून ट्रक जागचा हलत नाही. इंजिन, केबिन, इंधनाची टाकी हे सगळं दुसऱ्या टोकाला असल्याचा इथे फायदा होतो. ट्रक पाठमोरा का आला, ते कळलं ना?

हे सगळं ज्या टेकूवर चाललंय तो टेकू मात्र मातीत आहे. नीरा-भीमेच्या काठची काळी माती इंजिनिअरला विचारा. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि ओली असताना तिच्यावर भरवसा ठेवणारा माणूस चप्पल गमावून परततो. एका बाजूचा पाय चार बोटं जरी खचला तरी पंधरा मीटर दूरचं टोक भलतीकडे जाईल. म्हणून पूल टाकण्याआधी सॅपर, म्हणजे इंजिनिअर दलाचा जवान, काठ चाचपून पाहतो. जमीन किती टणक, उतार किती, पाण्याखाली तळाशी गाळ की मुरूम. पूल टाकायला मोजके तास, आणि जागा निवडायला मात्र एखादी रात्र पोटावर सरपटावं लागतं. जादूचा हा भाग कुणाला दिसत नाही.

पंधरा मीटरचा तुकडा पलीकडच्या काठाला पोचला तर प्रश्न मिटला. पण नदी सत्तर मीटर रुंद असेल तर पहिल्या तुकड्याचं दुसरं टोक कुठे टेकणार? पाण्यात! म्हणून तुकड्याच्या टोकाला दोन पाय दुमडून ठेवलेले असतात. पूल खाली येतो तसे ते पाय उतरतात आणि नदीच्या तळावर उभे राहतात. पायांची उंची अडीच मीटरपासून सहा मीटरपर्यंत कमी-जास्त करता येते. तळ कुठे खोल असेल, कुठे वर असेल, डावीकडे खड्डा आणि उजवीकडे खडक असेल, तरी वरचा रस्ता सपाट ठेवायचा. सार्वजनिक बांधकामवाले ज्याला खांब म्हणतात आणि ज्याच्या पायासाठी एक अख्खा उन्हाळा घालवतात, तो खांब इथे पुलाच्या पोटातूनच निघाला आणि नदीत उभा राहिला.

आणि आता माझा सगळ्यात आवडता क्षण. पहिला ट्रक पूल सोडून बाजूला होतो. दुसरा ट्रक येतो, तोही रिव्हर्समध्ये. आणि तो कुठे जातो? नुकत्याच टाकलेल्या त्या पुलावर! पाठीवर स्वतःचा पंधरा मीटरचा तुकडा घेऊन, खाली वाहतं पाणी, पुलाला कठडे नाहीत, आणि टोकापर्यंत जाऊन थांबायचं. पुढे पूलच नाही. तिथे उभं राहून तो आपला तुकडा उलगडतो. मग तिसरा ट्रक दोन तुकडे ओलांडून जातो, चौथा तीन, पाचवा चार. पूल स्वतःच्या अंगावर चालत वाढत जातो.

त्या चालकांना माझा दंडवत. आपल्या गल्लीत ट्रक मागे घ्यायचा तर क्लीनर उतरून फाळका बडवत 'येऊ द्या, येऊ द्या, बास!' ओरडतो आणि तरीही भिंतीचा कोपरा जातो. इथे रात्र, दिवे बंद, आवाज नको, रस्त्याची रुंदी चार मीटर. ट्रक त्यावर बसतो तरी बऱ्यापैकी. रणगाड्याचं काय? आपल्या अर्जुन रणगाड्याची रुंदी ३.८६ मीटर. वजाबाकी करा. दोन्ही बाजूंना उरतात सात-सात सेंटिमीटर. कारखान्यासाठी उसाच्या मोळ्या घट्ट भरलेली ट्रॉली चालवणारे गडी आपल्याकडे कमी नाहीत, पण सात सेंटिमीटरवर ६० टनांपेक्षा जास्त वजन न्यायला निराळंच काळीज लागतं. त्यात रणगाड्यातल्या चालकाला स्वतःचे पट्टे दिसत नाहीत. समोरचा माणूस हातानं खुणा करतो, त्या खुणांवर विश्वास ठेवून तो पुढे सरकतो.

मनात आलंच असेल: पाच तुकड्यांचा खटाटोप कशाला? ७५ मीटरचा एकच लांब पूल का नाही? याचं उत्तर लांबीच्या विचित्र स्वभावात आहे. पुलाच्या मध्यावर रणगाडा उभा राहिला की पूल खाली वाकू पाहतो. लांबी पाचपट केली की रणगाड्यामुळे येणारा हा वाकवणारा जोर पाचपट होतो. इथवर ठीक. पण पुलाच्या स्वतःच्या वजनामुळे येणारा जोर पंचवीसपट होतो! तो जोर सोसायला तुळया जाड कराव्या लागतात, जाड केल्या की वजन वाढतं, वजन वाढलं की जोर आणखी वाढतो. पूल स्वतःलाच उचलून दमतो, रणगाड्यापर्यंत त्याची ताकद पोचतच नाही. पंधरा मीटरवर थांबलं की हे दुष्टचक्र सुरूच होत नाही. त्यातून पूल पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला की वजन आणखी उतरतं. म्हणूनच तो ट्रकच्या पाठीवर मावतो.

शेवटच्या टोकाला मात्र एक बारीक अडचण उरते. निसर्ग काही पंधराच्या पाढ्यात नद्या खणत नाही. चार तुकडे टाकून झाले आणि आठ मीटर उरले तर? त्यासाठी छोटा भाऊ आहे: दहा मीटरची 'शॉर्ट स्पॅन ब्रिजिंग सिस्टिम'. साडेनऊ मीटरपर्यंतचा चर ती एकटी ओलांडते आणि हवी तेव्हा 'सर्वत्र' च्या शेपटीला जोडली जाते. तीही दिघीच्याच प्रयोगशाळेची. लार्सन अँड टुब्रोनं बनवलेले तिचे पहिले १२ संच २ जुलै २०२१ रोजी दिल्लीत तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या उपस्थितीत सेनेत दाखल झाले. पुण्यातला पूल, पुण्यातलाच लष्करप्रमुख. वर्तमानपत्रात बातमी आली ती आतल्या पानावर.

ट्रकबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण पुलाच्या कौतुकात बिचारा हमाल विसरला जातो. नेहमीच्या ट्रकला दोन लांब लोखंडी पट्ट्यांची चौकट असते. खडबडीत रानात एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात गेलं की ही चौकट पिळवटते. वर ऊस असेल तर बिघडत नाही. पण वर मिलिमीटरच्या हिशेबानं जोडलेला पूल असेल तर बिजागऱ्या अडकतील. झेक प्रदेशातल्या टाट्रा कंपनीत हान्स लेडविंका नावाच्या इंजिनिअरनं १९२३ च्या 'टाट्रा ११' या छोट्या मोटारीत वेगळीच कल्पना लढवली. चौकट काढूनच टाकली आणि मधोमध एक जाड पोकळ नळी ठेवली. चाकांना ताकद नेणारा दांडा त्या नळीच्या आतून जातो. प्रत्येक चाकाचा अर्धा आस नळीला जोडलेला, पण स्वतंत्र. एक चाक वर गेलं तरी शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. आठ चाकं आठ दिशांना नाचली तरी नळी पिळत नाही आणि वरचा पूल शांत असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारीतली युक्ती आज रणगाड्यांचा पूल वाहते!

कधी पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण-इंदापूरच्या पट्ट्यात लष्कराच्या गाड्यांचा ताफा दिसला तर एक गोष्ट नीट बघा. गाडीच्या पुढच्या बाजूला पिवळी गोल चकती असते आणि त्यावर काळा आकडा. तो गाडीचा क्रमांक नव्हे, तो तिचा पूल-वर्ग. लष्करी पुलालाही असाच आकडा असतो. गाडीचा आकडा पुलाच्या आकड्याइतका किंवा कमी असेल तर बिनधास्त जा, जास्त असेल तर थांबा. संपलं! पुलावर उभ्या असलेल्या हवालदाराला वजन-काटा लागत नाही, बेरीज-वजाबाकी लागत नाही, भाषाही लागत नाही. मात्र हा आकडा म्हणजे निव्वळ टन नव्हेत. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या आणि तेवढ्याच वजनाचा रणगाडा घ्या. ट्रॉल्यांचं वजन लांबवर पसरलेलं, त्यातलं काही पुलावर येईपर्यंत काही उतरूनही गेलेलं. रणगाड्याचं सगळं वजन चार-पाच मीटरच्या पट्ट्यांवर एकवटलेलं. पुलाच्या दृष्टीनं ही दोन वेगळी ओझी आहेत. चाकं किती, आस किती अंतरावर, एकेका आसावर भार किती, या सगळ्याचा काला करून तो एक आकडा काढलेला असतो. 'सर्वत्र' चा आकडा आहे ७०.

या सगळ्या यांत्रिक पुलांचा आजोबा अजून हयात आहे आणि चांगला कामाला येतो. १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, डोनाल्ड बेली नावाच्या ब्रिटिश सरकारी नोकरानं पाकिटाच्या मागच्या बाजूला एक पोलादी चौकट रेखाटली. दहा फूट लांब, वजन सुमारे २६० किलो. एवढीच का? कारण सहा माणसं ती हातांनी उचलू शकतात. क्रेन नको, वेल्डिंग नको. चौकटीला चौकट लावा, भोकात पिन ठोका, झाला पूल. जास्त ताकद हवी? शेजारी आणखी एक रांग लावा. आणखी हवी? वर एक मजला चढवा.

पण पाण्यात टेकू न घेता तो पलीकडे पोचवायचा कसा? अलीकडच्या काठावर रोलरवर पूल जोडायचा आणि त्याच्या पुढे नुसत्या सांगाड्याचं हलकं 'नाक' लावायचं. मग ढकलायचं. नाक नदीवर पुढे पुढे जातं, पण ते हलकं, आणि जड पूल अजून मागे काठावर, म्हणून तोल जात नाही. नाक पलीकडे टेकलं की पूल सुरक्षित. मग नाक सोडवून घ्यायचं.

३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरडी कोसळल्या आणि चूरलमला इथला पूल वाहून गेला. पलीकडे मुंडक्कई गाडलं गेलं होतं. मद्रास सॅपर्सनी ३१ जुलैच्या रात्री काम सुरू केलं आणि १ ऑगस्टच्या संध्याकाळी १९० फुटांचा बेली पूल उभा होता, वर्ग २४. त्या तुकडीच्या पुढे होत्या मेजर सीता शेळके, पारनेर तालुक्यातल्या गाडिलगावच्या. पुलाच्या लोखंडावर उभ्या असलेल्या त्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. १९० भागिले १० करा: एकामागे एक एकोणीस चौकटी. पाकिटावरचं ते चित्र चौऱ्याऐंशी वर्षांनी केरळच्या चिखलात उतरलं होतं. आणि मुंबईकर तर याच जातीच्या पुलावरून रोज लोकल पकडतात. एल्फिन्स्टन रोड स्थानकातल्या २०१७ च्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले, त्यानंतर तिथला पादचारी पूल लष्करानं बांधून दिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला.

माणसांच्या हातांवर चालणाऱ्या पुलांची जागा हळूहळू यंत्रं घेतायत. २७ फेब्रुवारी २०२४ ला सेनेत दाखल झालेला 'मॉड्युलर ब्रिज' एकाच झेपेत ४६ मीटर ओलांडतो, मध्ये एकही पाय न टेकता. हा डीआरडीओचा आराखडा. एका संचाला सात वाहक ट्रक आणि पूल पुढे सरकवणारे दहा-दहा चाकांचे दोन ट्रक. असे ४१ संच करायचं कंत्राट लार्सन अँड टुब्रोकडे आहे. इछोगिलची रुंदी आठवते ना? चाळीस मीटर. ४६ हा आकडा उगाच आलेला नाही, असं मला आपलं वाटतं.

आता इंदापूरकर म्हणतील, हे नीरेला ठीक, पण आमच्या उजनीचं काय? धरणाच्या फुगवट्यात पाय टेकवायला तळ कुठून आणायचा, आणि पलीकडचं करमाळा तर क्षितिजावर! मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले, त्या पाण्याची रुंदी तिथल्या माणसांना ठाऊक आहे. अशा ठिकाणी पूल उभा राहत नाही, तो पोहतो. आर्किमिडीजला हाक मारा. ७० टनांचं ओझं तरंगत ठेवायचं तर तेवढ्याच वजनाचं पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे ७० घनमीटर. पोकळ पेट्या एकमेकींना जोडून पाण्यावर टाकल्या की खोली दहा फूट असो की शंभर, त्यांना फरक पडत नाही. फरक पडतो तो प्रवाहानं. वाहतं पाणी अख्खा पूल धनुष्यासारखा वाकवून ओढून न्यायला बघतं, म्हणून नांगर टाकावे लागतात आणि मोटारबोटींनी पेट्या जागेवर धराव्या लागतात. भाऊसाहेबांनी मागितलेल्या नावा आणि आजच्या या धातूच्या पेट्या यांच्यामागचं तत्त्व एकच.

पाण्यावर काम करायचं तर सॅपरला पाण्याची भीती असून चालत नाही. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये आणि दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात वल्हवण्याची परंपरा आहे ती त्यामुळेच. त्यातून काय निघावं? चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ घरी विहिरी खणायचा, पाण्याला बिचकायचा. २०१२ मध्ये तो खडकीला भरती झाला, तिथे त्याच्या हाती वल्हं आलं, आणि चार वर्षांनी तो रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्यानं नाव मारत होता.

एवढं करून सैन्य पलीकडे गेलं. पूल कुणाचा राहिला? मागून शत्रू आला तर त्याला आयता मिळायचा! म्हणून या पुलांची शेवटची करामत अशी, की ते जसे टाकता येतात तसेच उचलताही येतात, आणि तेही पलीकडच्या काठावरून. शेवटचा रणगाडा पार झाला की पुलाचे ट्रकही स्वतःच्याच पुलावरून पार होतात, समोरच्या काठावर वळतात, पाठ नदीकडे करतात आणि आपापला तुकडा टोकाला पकडतात. तुकडा उठतो, दुमडतो, ट्रकच्या पाठीवर येऊन बसतो. त्याच्या मागचा तुकडा उचलायला पुढचा ट्रक पुन्हा उरलेल्या पुलावर जातो. मघाचाच सगळा खेळ, पण उलटा. पाचवा तुकडा मिटला की कुलपं लागतात, हायड्रॉलिक पाय वर जातात आणि चालक पहिला गिअर टाकतो. पुढे अजून तीन कालवे आहेत.